घंटागाडीसाठी कंडेन्सर

"आवाजाच्या बाबतीत या अख्ख्या तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही," असं मी बायकोला, हेमलताला, सांगत होतो. सकाळची वेळ, हातात चहा, आणि वाक्य मी थेट पोटातून काढलं होतं, शब्दाशब्दाला वजन देऊन. तेवढ्यात खाली रस्त्यावर घंटागाडी आली.

"माता-भगिनींनोऽऽ! ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका कचरा निळ्या बादलीत..."

"काय म्हणालात?" हेमलतानं विचारलं.

"मी म्हटलं, आवाजाच्या बाबतीत..."

"ऐकू येत नाहीये हो. ही बादली घ्या आणि पळा, गाडी जाईल."

मी पळालो. गाडीवरच्या भोंग्यातून बाबासो शिरगुप्पे माझ्या टाळक्यावर ओरडत होता, आणि मी, लाटकर सर, शाळेत भूगोलाचा शिक्षक आणि गावातल्या प्रत्येक समारंभाचा सूत्रसंचालक, त्याच्या हुकमाखाली काकडीची सालं ओतत होतो. रोज. शाळेला सुट्टी असली तरी.

बाबासो शिरगुप्पे म्हणजे आमच्या गावचा मंडपवाला. खुर्च्या, गाद्या, स्पीकर, माइक, सगळं त्याचं. त्यानं आयुष्यात केलेलं वक्तृत्व म्हणजे "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." पण ते तो इतक्या प्रेमानं करायचा की नगरपालिकेनं घंटागाड्या आणल्या तेव्हा त्यालाच आवाज द्यायला सांगितला. तेही मी सोसलं असतं. त्याचा आणि माझा खरा हिशेब वेगळा होता.

आमच्या मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ होता. मी स्वतः रचलेलं निरोपगीत म्हणत होतो. शाळेच्या स्थापनेपासून सुरुवात करून मी हळूहळू सरांच्या बालपणापर्यंत आलो होतो. लोक तल्लीन झाले होते. काहींनी तर डोळे मिटले होते. आणि सरांच्या मुंजीच्या कडव्यावर माझा आवाज अचानक नाहीसा झाला. ओठ हलतायत, हात हलतायत, आवाज नाही. कोपऱ्यात आपल्या बटणांच्या पेटीपाशी बसलेल्या शिरगुप्पेनं बटण खाली ओढलं होतं. दुसरा माइक तोंडाशी धरून तो म्हणाला, "धन्यवाद सर! मंडळी, जेवण तयार आहे."

सगळं गाव उठलं. मुख्याध्यापकसुद्धा उठले. मी रिकाम्या खुर्च्यांसमोर मुंज पुरी केली, कारण मध्येच सोडणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

तेव्हापासून बाजारात कोणी नमस्कार केला की पुढचं वाक्य ठरलेलं. "काय सर, जेवण तयार?"

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. या माणसाचा आवाज मी बंद करणार. जसा त्यानं माझा केला तसा, भर गावात, सगळ्यांच्या देखत.

संधी आली ती पुढच्या दिवाळीनंतर. नवीन नगराध्यक्षा मालनताई जगदाळे यांनी जाहीर केलं, की घंटागाडीचं जुनं रेकॉर्डिंग लोकांच्या कानाआड जायला लागलंय, बायका ते ऐकून घेत नाहीत, कचरा वेगळा करत नाहीत. तेव्हा नवा आवाज हवा. ज्याला द्यायचाय त्यानं घरून रेकॉर्ड करून आणावा, पालिकेच्या सभागृहात सगळ्यांसमोर वाजवू आणि तिथंच ठरवू.

"तुम्ही कशाला त्यात पडताय?" हेमलता म्हणाली. "कचऱ्याची गाडी ती."

"गाडी कशाची आहे ते सोड. गावातल्या प्रत्येक दारात रोज सकाळी कुणाचा आवाज जातो, हा प्रश्न आहे."

"मग तेवढं जिन्यापर्यंत तुम्ही स्वतः बादली घेऊन न सांगता जात चला. तो पण प्रश्न आहे."

मी दुर्लक्ष केलं आणि कोल्हापूरची एसटी पकडली.

दुकानदार मोठा गोड माणूस होता. त्यानं काउंटरवर मखमलीचं फडकं पसरलं आणि सराफ दागिने काढतो तसे माइक काढले.

"गाण्यासाठी का बोलण्यासाठी?"

"बोलण्यासाठी. पण साधं बोलणं नाही. समोरचा खलास झाला पाहिजे."

"वकील आहात का?"

"शिक्षक."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि कानावर लावायला हेडफोन दिला. "बोलून बघा. काहीही बोला. आपलं नाव बोला."

मी घरून विचार करून आलो होतो. पहिला माइक तोंडाशी घेतला आणि म्हणालो, "शिरगुप्पे."

हा आपला नेहमीचा, सभेत असतो तसा माइक. कानात आवाज आला तो गोधडीतून आल्यासारखा. 'शि' बोथट, 'गुप्पे' त्याहून बोथट. यानं कुणाच्या काळजाला घरं पडणार नव्हती.

दुसरा पेन्सिलीएवढा बारका. "शिरगुप्पे." यात 'शि' सापासारखा आला, पण 'प्पे'ला फुगा फुटल्यागत फट्ट झालं.

मग त्यानं तिसरा ठेवला. मक्याच्या मोठ्या कणसासारखा, वर जाळी, खाली काळाभोर देह. "हा कंडेन्सर. मोठ्या पडद्याचा. जरा मागं सरून बोला."

मी बोलण्याआधीच कानात काहीतरी वाजायला लागलं. बघतो तर माझ्याच मनगटावरचं घड्याळ. मग मी दबक्या आवाजात, दातओठ खाऊन म्हणालो, "शिरगुप्पे."

काय सांगू! त्या एका शब्दात ती सभा आली, त्या रिकाम्या खुर्च्या आल्या, मसालेभाताचा वाससुद्धा आला म्हणायला हरकत नाही. माझ्या अंगावर काटा आला. दुकानदारही जरा मागं सरकला.

"हे तुमचं नाव का, साहेब?"

"नाही. हे माझं काम आहे. हाच द्या."

"देतो. पण एक सांगू? हा लई कानाचा तिखट आहे. सगळं ऐकतो. तुमची खोली शांत आहे ना? घरी कोण असतं?"

"मी आणि बायको."

"साहेब," तो माइकवरचा हात न काढता म्हणाला, "मग थोडा विचार करा. बोथट माइक घरात बरा पडतो."

मी विचार केला नाही. किंमत ऐकून थोडा वेळ त्याच्या स्टुलावर बसलो, तेवढंच.

घरी येऊन माइक स्टँडवर चढवला, वायर लॅपटॉपला जोडली, घसा साफ केला आणि बोललो. काही नाही. ओरडलो. काही नाही. हेडफोनमध्ये स्मशानशांतता. दुकानात फोन लावला.

"साहेब, त्याला वीज लागते," दुकानदार म्हणाला. "वायरीतूनच जाते. ती पेटी देते, सभेत स्पीकरवाल्याकडं बटणांची असते ना, ती. मी विचारणारच होतो, पण तुम्ही घाईत होता. तुमच्या गावात असेल की कुणाकडं तरी."

मी फोन ठेवला. हेमलता गवारी मोडत होती. ती वर न बघता म्हणाली, "शिरगुप्पेंकडं आहे."

"मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही."

"नका ठेवू. मग हा माइक शोकेसमध्ये ठेवू या. फुलदाणी म्हणून चांगला दिसेल."

दोन दिवस मी कळ काढली. मग एक विचार सुचला आणि मन एकदम हलकं झालं. शत्रूच्याच विजेवर शत्रूचा काटा काढायचा, यात कमीपणा कसला? उलट चव वाढते.

शिरगुप्पे गोडाऊनच्या दारात खुर्च्या धूत होता. "या की सर! पेटी? न्या की, त्यात काय. कशाला पायजे?"

"भजन रेकॉर्ड करायचंय."

"तुम्ही? भजन?" त्यानं पाइप खाली ठेवला. "वा वा. मोठ्ठं आहे का?"

या प्रश्नातली खोच माझ्या लक्षात आली, पण मी पचवली. "बेताचं आहे," म्हणालो.

"मग न्या. मी उद्या संध्याकाळी येतो परत घ्यायला, तुम्हाला त्रास नको. परवा पाटलांकडं साखरपुडा आहे."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. स्वयंपाकघराला लागून आमची अडगळीची खोली आहे, तिचा स्टुडिओ केला. खिडकीला गाद्या लावल्या, भिंतींवर गोधड्या टांगल्या, हेमलताच्या भरतकामाच्या रिंगला तिचा जुना पायमोजा ताणून बसवला आणि माइकसमोर बांधला, म्हणजे 'प्पे' फुटायला नको. स्वयंपाकघराच्या चौकटीला दार नाही, नुसता पडदा. पण माइकचं तोंड तिकडं नाहीच म्हटल्यावर मी काळजी केली नाही.

माइक कसा लावायचा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सगळी हयात स्टेजवर गेलीय. माइकचं टोक तोंडाकडं, आणि त्याच्यावरचं नाव लोकांकडं. आमच्याकडं प्रत्येक मंडपवाला आपल्या माइकला नावाची पट्टी लावतो आणि ती प्रेक्षकांकडं वळवूनच ठेवतो, फोटोत यावी म्हणून. या माइकवर कंपनीचं चांदीचं चिन्ह होतं. ते मी व्यवस्थित माझ्यापासून लांब, म्हणजे पडद्याकडं केलं आणि टोकावर ओठ टेकवले.

हेमलताला ताकीद दिली होती. कुकर लावायचा नाही. मिक्सर नाही. नळ नाही. फ्रिजची पिनसुद्धा मी काढून ठेवली होती. तिनं दुधाकडं एकदा बघितलं, एवढंच.

मी सुरुवात केली. "नागरिकहो! पृथ्वी ही आपली माता आहे, आणि मातेच्या उदरात आपण काय टाकतो, याचा विचार..."

पडद्यापलीकडं बादलीचं झाकण आपटलं. मग हेमलता सुटली. माझ्यावर. तिनं नियम मोडला नव्हता, नळ सोडला नव्हता, कुकर लावला नव्हता. तोंडाबद्दल मी काही सांगायचं विसरलो होतो. मी सवयीनं अधूनमधून "बरं" म्हणत होतो आणि डोळे कागदावर ठेवून थांबलो होतो. ती थांबली तसा पुढं वाचलं आणि फाइलला नाव दिलं, 'अंतिम'.

ऐकायला घेणार तेवढ्यात शिरगुप्पे दारात हजर.

"झालं का भजन?" म्हणत तो थेट खोलीत आला, गोधड्या बघितल्या, पायमोजा बघितला, मग माइक बघितला आणि कपाळाला हात लावला. "सर! उलटा लावलाय की हो!"

"उलटा कसा? नाव लोकांकडं आहे."

"अहो, हा स्टेजचा नव्हं. हा टोकातनं ऐकतच न्हाई. हा अंगानं ऐकतो, आणि नाव असतं ती त्याची पुढची बाजू. आत्ता ह्यो तुमच्याकडं पाठ करून बसलाय."

त्यानं माइक अलगद फिरवला, माझ्या तोंडापासून वीतभर लांब केला, बटणं सरकवली. "आता म्हणा."

ज्याची मान कापायची त्यानंच सुरीला धार लावून हातात द्यावी, असा प्रकार. मी म्हणालो नाही. पण त्याची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली.

"भजनात ओला कचरा कुठनं आला, सर?"

हाच तो क्षण. मी छाती पुढं काढली. "शिरगुप्पे, तुमचा आवाज मी घंटागाडीवरून उतरवणार आहे."

"उतरवा की," तो म्हणाला. "मला बी वैताग आलाय. आंघोळीला बसलो की माझाच आवाज बाहेरनं मला सांगतोय, ओला कचरा हिरव्यात. बायकू म्हणते, ऐका जरा त्याचं."

"तसं नाही," मी म्हणालो. सूड असा वाया जाणं मला परवडणारं नव्हतं. "तुम्हाला तो निरोप समारंभ आठवतो? तुम्ही माझा माइक बंद केलात!"

"तर काय करणार? भात गार व्हायला लागला होता. आचारी कढईवर उलथणं आपटत होता. तुम्ही नुकतं कुठं मुंजीला आला होता." तो हसला. "वहिनी, च्या हाय का?"

"दूध नासलंय," आतून हेमलता म्हणाली. "फ्रिज बंद होता दिवसभर."

तो काळा चहा पिऊन बसला. तो बाहेर हेमलताशी गप्पा मारत असताना मी पडद्याआड, सुलट्या माइकवर, सगळं पुन्हा म्हटलं. तोंडातल्या प्रत्येक शब्दाला विष लावून म्हटलं. 'कचरा' म्हणताना मनात 'शिरगुप्पे' आणलं. इतका सुंदर कचरा मराठीत आजवर कुणी उच्चारला नसेल. या फाइलला नाव दिलं, 'अंतिम अंतिम'. घाईत दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर टाकल्या. पेटी शिरगुप्पेनं खांद्यावर मारून नेली.

सभागृह तुडुंब भरलं होतं. बचत गटाच्या बायका, नगरसेवक, गाडीवरच्या कामगार बायका पुढच्या रांगेत. हेमलता मैत्रिणींबरोबर मध्यावर. स्पीकर अर्थात शिरगुप्पेचे, आणि पेटीपाशी तोच. पहिल्यांदा त्याचा जुना आवाज वाजवला. लोकांनी जांभया दिल्या. मग मालनताई म्हणाल्या, "आता लाटकर सर."

मी उठून उभा राहिलो. हात जोडले. शिरगुप्पेकडं अशा नजरेनं बघितलं की साधा माणूस असता तर पाणी मागितलं असतं.

"सर, यात दोन हायत," त्यानं तिथूनच ओरडून विचारलं. "कुठली लावू?"

"अंतिम!" मी गरजलो.

त्यानं सांगितल्याबरहुकूम 'अंतिम' लावली.

आधी विहिरीच्या तळातून यावा तसा कुणाचा तरी आवाज आला. पृथ्वी, माता, उदर असलं काहीतरी. मग झाकण आपटलं आणि सभागृहातल्या सगळ्या पंख्यांच्या वर, लख्ख, कानाशी उभं राहून बोलावं असा हेमलताचा आवाज आला.

"अहो लाटकर मास्तर! हे काय आहे? चहाचा चोथा कागदाच्या बादलीत? ओला इकडं, सुका तिकडं, किती वेळा सांगायचं? जगाचा भूगोल शिकवता, घरातल्या दोन बादल्या सापडत नाहीत?"

विहिरीतून आवाज आला, "बरं."

"बरं काय बरं? रोज बरं म्हणता! केळ्याची साल कुठं जाते? ओल्यात! दुधाची पिशवी? धुऊन सुक्यात! आणि हे दाढीचं पातं उघडंच टाकलंय. त्या गाडीवरच्या बाईचा हात कापला तर तिची पोरं कोण बघणार? तुम्ही? तुमचं निरोपगीत? कागदात गुंडाळा, वर लाल खूण करा, आणि मग टाका!"

"बरं," विहीर म्हणाली.

पुढच्या रांगेतल्या कामगार बायकांपैकी एक उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. मग बाकीच्या. मग सगळं सभागृह. बचत गटवाल्या हेमलताला मिठ्या मारत होत्या. ती लाजून पदराआड हसत होती, मी लग्नातसुद्धा तिला तसं लाजताना बघितलं नव्हतं.

"हाच!" मालनताई टेबलावर थाप मारून म्हणाल्या. "हाच आवाज पाहिजे! घराघरातल्या पुरुषाच्या कानात शिरला पाहिजे!"

"मॅडम, ती चुकीची फाइल आहे," मी म्हणालो. "दुसरी, अंतिम अंतिम..."

"राहू द्या हो सर. तुमचा पण आवाज आहे की यात. 'बरं' किती मनापासून म्हणताय."

"तेवढं काढता येईल का?"

"छे! त्याशिवाय रंगत नाही."

पेटीपाशी शिरगुप्पे डोळे पुसत होता. मी त्याच्याजवळ गेलो. मला वाटलं, निदान आता तरी याला काहीतरी लागलं असेल. आवाज तर गेला त्याचा.

"वहिनींनी जिंकलं, सर," तो म्हणाला. "सुटलो मी. तुमचे उपकार फिटायचे न्हाईत."

सोमवारपासून गावातल्या सगळ्या घंटागाड्यांवर हेमलता वाजायला लागली. गल्लीगल्लीत सकाळी "अहो लाटकर मास्तर!" झालं की बायका दारात यायच्या आणि त्यांचे नवरे बादल्या घेऊन पळायचे. गाडी पुढं गेली की पोरं एका सुरात म्हणायची, "बरं." शाळेत हजेरी घेतानासुद्धा. बाजारात आता मला जेवणाबद्दल कोणी विचारत नव्हतं.

मी हार मानली असं समजू नका. स्पीकरसमोर ठेवला की हा कंडेन्सर जिवाच्या आकांतानं किंचाळतो, हे मला तोवर एका जाणकाराकडून कळलं होतं. मी तो माइक पुसून, डब्यात घालून शिरगुप्पेला भेट दिला. म्हटलं, "बाबासो, झालं गेलं विसरू. हा तुमच्या स्टेजवर शोभेल. मोठ्या कार्यक्रमाला काढा. आवाज पूर्ण सोडा." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण वेगळ्या कारणानं.

त्यानं तो मोठ्याच कार्यक्रमाला काढला. पालिकेनं हेमलताचा सत्कार ठेवला होता, त्याला. आणि सत्कारमूर्तीचे यजमान म्हणून दोन शब्द बोलायला सगळ्यांत आधी मला उभं केलं. मी माइकसमोर गेलो. शिरगुप्पेनं आवाज पूर्ण सोडला. माइक किंचाळला. मालनताईंच्या हातातला नारळ सुटला, पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल रडायला लागलं आणि शिरगुप्पे वायर ओढायला धावला. वायरीबरोबर स्टँड आला.

तो माझ्या डाव्या पायावर पडला. अंगठ्याचं हाड मोडलं. माइकला काही झालं नाही.